लक्ष्मणराव किर्लोस्कर : यंत्र खोलून पुन्हा जोडायला शिकलेले मास्तर



गावाकडे विहिरीवर बसवलेलं डिझेल इंजिन किंवा पाण्याचा पंप आपल्यापैकी बहुतेकांनी बघितलेला आहे. सुट्टीत आजोळी गेलेली आपली मुलंही बघतात. अशा कितीतरी पंपांवर एक आडनाव लिहिलेलं असतं : किर्लोस्कर. मुलं ते नाव वाचतात, कंपनीचं नाव म्हणून लक्षात ठेवतात आणि विसरतात. पण त्या नावामागे एक माणूस होता, आणि कारखानदार होण्याआधी तो आपल्यासारखाच शिक्षक होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आज त्यांची ओळख करून घेऊ या. इयत्ता चौथी-पाचवीच्या वर्गात हा लेख वाचून दाखवता येईल. शेवटी काही उपक्रम आणि प्रश्न दिले आहेत, पण खरं सांगायचं तर हा लेख मुलांपेक्षा आपल्यासाठी जास्त आहे. का, ते पुढे कळेलच.

बालपण : पुस्तकात मन न रमणारा मुलगा

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. इथे एक गोष्ट स्पष्ट करून ठेवते, कारण मुलं हमखास गोंधळतात. संगीत शाकुंतल लिहिणारे नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर वेगळे आणि हे लक्ष्मणराव वेगळे. दोघांचं जन्मगाव मात्र एकच, गुर्लहोसूर. एकाच छोट्या गावाने महाराष्ट्राला संगीत नाटकही दिलं आणि नांगराचा कारखानाही दिला, असं म्हणायला हरकत नाही.

लक्ष्मणचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. अशा घरातल्या मुलाने शिकावं, पाठांतर करावं, पुढे चांगली नोकरी धरावी, ही त्या काळातली सरळ अपेक्षा. लक्ष्मणचं मन मात्र शाळेच्या पुस्तकांत लागत नव्हतं. त्याला दोन गोष्टींची ओढ होती. एक चित्र काढण्याची आणि दुसरी यंत्रांची. हाताने काही करायचं असलं की हा मुलगा तहानभूक विसरायचा.

आता जरा आपल्या वर्गाकडे बघा. असा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्याही वर्गात असतेच ना? वाचनाच्या तासाला खिडकीबाहेर बघणारी, पण पंख्याचं बटण बिघडलं की सगळ्यात आधी उठून उभी राहणारी. त्या काळात अशा मुलाला ढ म्हणत. आज आपण तो शब्द वापरत नाही, पण मनातल्या मनात मोजमाप तेच चालू असतं.

मुंबई : एक दार बंद झालं

1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले. वडिलांना हे पसंत नव्हतं. चित्रं काढून पोट कसं भरणार, हा प्रश्न तेव्हाच्या कुठल्याही वडिलांना पडला असता, आणि आजच्याही पालकांना पडतो. थोरले भाऊ रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीमुळेच शिक्षण सुरू झालं.

दोन वर्षं गेली, आणि मग एक विचित्र अडचण समोर आली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. रेषा उत्तम, प्रमाण उत्तम, हात स्थिर, पण रंगांमध्ये गफलत. डोळ्यांचा हा दोष जन्मजात असतो आणि तो मेहनतीने जात नाही. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच थांबलं.

विचार करा, वडिलांचा विरोध पत्करून, भावाच्या पैशांवर शिकायला आलेला अठरा वर्षांचा मुलगा. त्याने गाव सोडलं ज्यासाठी, तीच गोष्ट हातातून गेली. परत गेला असता तर कुणी दोष दिला नसता. पण लक्ष्मणराव परत गेले नाहीत. रंग लागत नाहीत अशी चित्रकलेची एक शाखा शिल्लक होती : यंत्रांचं रेखाटन. तिथे फक्त रेषा, माप आणि अचूकपणा लागतो. त्यांनी तो अभ्यास धरला. मुंबईत 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो ती संस्था, भायखळ्याला सुरू झाली होती. तिथे लक्ष्मणरावांना यंत्ररेखाटन शिकवणाऱ्या सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली. पगार दरमहा 45 रुपये.

मास्तर झाले आणि शिकू लागले

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लक्ष्मणरावांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. त्यांचं काम होतं यंत्रांची चित्रं काढायला शिकवणं. तेवढं करून घरी जाता आलं असतं. पण संस्थेच्या यंत्रशाळेत खरीखुरी यंत्रं होती. मोकळा वेळ मिळाला की ते तिथे जात, यंत्रं बघत, हाताळत, खोलत आणि पुन्हा जोडत. पुस्तकं वाचून जे अर्धवट कळत होतं ते हाताने पूर्ण कळू लागलं. विद्यार्थ्यांना ज्या भागाचं चित्र काढायला शिकवायचं, तो भाग आत नेमकं काय करतो, हे ते स्वतः शिकले.

यंत्र खोलणं कुणालाही जमतं हो. लहान मूलही खेळणं खोलतं. खरी परीक्षा असते ती पुन्हा जोडण्यात. जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले की समजायचं, काहीतरी राहिलं! आणि पुन्हा जोडण्यासाठी जे लागतं ते म्हणजे चित्र. कागदावरचं असो की डोक्यातलं. कुठला भाग कशावर बसतो, कुठल्या क्रमाने निघाला, कुठली खूण कुठल्या खुणेसमोर होती. लक्ष्मणरावांचा चित्रकलेचा हात इथे कामाला आला. जो हात रंगांमुळे नापास झाला होता, तोच हात यंत्रांमध्ये पास झाला.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आजच्या काळातलं एक उदाहरण घेऊ.

आजचं उदाहरण : गाडीच्या इंजिनातल्या दोन खुणा

आपल्या गारखेडा परिसरातले कितीतरी पालक वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा एमआयडीसीत कामाला आहेत. काहींची स्वतःची गॅरेजेस आहेत. काही जण असे हौशी, की रविवारी घरासमोर जुनी चारचाकी जॅकवर चढवून तिची कामं स्वतः करतात. अशा कामांतलं एक नाजूक काम म्हणजे टायमिंग बेल्ट आणि गळणारी ऑइल सील बदलणं. त्यात काय करावं लागतं ते बघा, म्हणजे लक्ष्मणराव काय शिकत होते ते लक्षात येईल.

इंजिनात खाली एक दांडा फिरतो, त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होतात आणि हा दांडा फिरतो. वरच्या बाजूला दुसरा दांडा असतो, कॅमशाफ्ट. तो झडपा उघडतो आणि मिटतो, म्हणजे हवा आत घेणं आणि धूर बाहेर सोडणं त्याच्याकडे. खालचा दांडा दोनदा फिरला की वरचा बरोबर एकदा फिरायला हवा. या दोघांची ताल सांभाळणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. पट्टा तुटला किंवा एखादा दाता सरकला तर ताल चुकते. अनेक इंजिनांमध्ये तेव्हा वर येणारा पिस्टन उघड्या झडपेवर आदळतो, झडपा वाकतात आणि मोठा खर्च उभा राहतो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना हा पट्टा बदलतात.

आता ऑइल सील. दांडा इंजिनाच्या बाहेर जिथून येतो तिथे तेल बाहेर येऊ नये म्हणून रबराची एक गोल चकती बसवलेली असते. तिला आतल्या बाजूने एक बारीक ओठ असतो, तो दांड्याला चिकटून राहतो. वर्षानुवर्षं उष्णता सोसून हे रबर कडक होतं आणि तेल पाझरू लागतं. ते तेल पट्ट्यावर पडलं तर पट्टाही लवकर खराब होतो. त्यामुळे एवढं सगळं खोललंच आहे तर जाणता मेकॅनिक पट्ट्याबरोबर त्यामागची सीलही बदलून घेतो. नवी सील बसवताना तिच्या ओठाला तेलाचं बोट लावायचं, दांड्यावर ओरखडा येऊ द्यायचा नाही आणि ती तिरकी न होता सरळ आत दाबायची. छोटीशी वस्तू, पण घाईत बसवली तर पुन्हा गळणार.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खुणा. जुना पट्टा काढण्याआधी इंजिन हाताने फिरवून पहिला पिस्टन अगदी वर आणतात. तेव्हा वरच्या चाकावरची आणि खालच्या चाकावरची खूण आपापल्या जागी असलेल्या खुणांसमोर येते. ते नीट बघायचं, फोटो काढायचा, कागदावर आकृती काढायची. मगच पट्टा सैल करायचा. नवा पट्टा चढवून ताण बसवला की लगेच चावी मारायची नसते. पाना लावून इंजिन हाताने सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवायचं. कुठे अडलं तर थांबायचं. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा जुळल्या, तरच इंजिन सुरू करायचं.

बघा, या कामात निरीक्षण आहे, आकृती आहे, क्रम आहे, दोनास एक हे गुणोत्तर आहे आणि करून झाल्यावर पडताळा घेणंही आहे. गणिताच्या तासाला उत्तर तपासा म्हणून आपण घसा कोरडा करतो. तोच संस्कार इथे पाना देतो. हे काम करणाऱ्या पालकांना आपण शिकलेले नाहीत असं समजतो, आणि ते स्वतःही तसंच समजतात. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लक्ष्मणराव यंत्रशाळेत हेच शिक्षण घेत होते.

बेळगावचं सायकलचं दुकान

पुन्हा आपल्या गोष्टीकडे येऊ. मुंबईत लक्ष्मणरावांनी सायकल पाहिली. तेव्हा सायकल ही नवलाची वस्तू होती. हवा भरलेल्या रबरी टायरचं पेटंट डनलॉप यांनी घेतलं ते 1888 मध्ये, म्हणजे सायकल स्वतःच बाल्यावस्थेत होती. त्याच वर्षी लक्ष्मणराव आणि रामूअण्णा या भावांनी बेळगावात सायकलचं छोटं दुकान काढलं. नाव दिलं किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली विकत घेऊन पाठवत. रामूअण्णा बेळगावात त्या विकत, दुरुस्त करत आणि फी घेऊन लोकांना चालवायलाही शिकवत. ज्या रस्त्यावर हे दुकान होतं त्याला पुढे किर्लोस्कर रोड असं नाव पडलं.

इकडे मुंबईत नोकरीत एक कडू प्रसंग आला. बढती मिळण्याची पाळी लक्ष्मणरावांची होती. ती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. काम चांगलं असूनही केवळ माणूस कुठला यावर जागा ठरते, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. घरसंसार होता, बांधलेला पगार गेला होता, हातात एक सायकलचं दुकान. पण दहाएक वर्षांत यंत्रं खोलून-जोडून मिळवलेलं ज्ञान बरोबर होतं. ते कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

लोखंडी नांगर आणि दोन वर्षांची वाट

सायकल दुरुस्त करणं म्हणजे दुसऱ्याने बनवलेली वस्तू नीट करणं. लक्ष्मणरावांना आता स्वतः वस्तू बनवायची होती. आजूबाजूला शेतकरी होते. जनावरांसाठी कडबा हाताने तोडत बसण्यात त्यांचा वेळ जाई आणि अख्खा कडबा टाकला तर निम्मा वाया जाई. म्हणून कडबा कापण्याचं यंत्र तयार झालं. आपण आज कडबा कुट्टी म्हणतो ना, त्याचाच हा पूर्वज.

दुसरी वस्तू होती लोखंडी नांगर. त्या वेळी आपल्याकडे लाकडी नांगर चालत. परदेशातून लोखंडी नांगर येत, पण ते इथल्या गरीब शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. लक्ष्मणरावांनी परदेशी नांगर बघून, समजून घेऊन इथेच नांगर ओतायला सुरुवात केली. नांगर तयार झाले. आणि कुणी घेईना!

लोखंडाने जमिनीला विष चढतं, असा समज होता. ज्या जमिनीवर वर्षभराचं पोट अवलंबून, तिच्यावर नवा प्रयोग कोण करणार? शेतकऱ्याला हसण्याचं कारण नाही. एक हंगाम फुकट गेला तर कारखानदाराचं फार तर नुकसान होतं, शेतकऱ्याचं घर बसतं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! तयार माल पडून, पैसा अडकून आणि लोकांचा विश्वास नाही. पण ज्या जमिनीत नांगर चालला तिथलं पीक लोकांना दिसू लागलं आणि हळूहळू मागणी येऊ लागली.

मुलांना हा प्रसंग सांगताना इथे जरा थांबा. दोन वर्षं म्हणजे किती, हे त्यांना समजावून सांगा. तिसरीतलं मूल पाचवीत जाईपर्यंत.

माळरानावरची वाडी

धंदा कुठे मार्गी लागतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितलं. कारखाना म्हणजे काही पिशवीत भरून नेण्याची वस्तू नव्हे. अशा वेळी औंध संस्थानचे राजे भवानराव, म्हणजेच बाळासाहेब पंतप्रतिनिधी, मदतीला आले. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे आणि स्वतः चित्र काढणारे राजे म्हणून आपल्याला ते माहीत आहेत. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि 10,000 रुपये कर्जाऊ दिले.

जमीन कसली? नुसतं माळरान. निवडुंग माजलेला आणि त्यात नाग. पाणी कमी, सावली नाही. 10 मार्च 1910 रोजी लक्ष्मणराव आपल्या माणसांना घेऊन तिथे उतरले. 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं बरोबर होती. निवडुंग तोडून जमीन साफ केली, छपरं उभारली, भट्टी पेटवली. इंग्लंडमध्ये काही कारखानदारांनी कामगारांसाठी वसाहती उभारल्या होत्या, तशी आपलीही एक वसाहत असावी हे लक्ष्मणरावांचं स्वप्न होतं. ती वसाहत म्हणजे किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे आणि रेल्वे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडीच झालं आहे.

नापास झालेली माणसं

शिक्षक म्हणून मला लक्ष्मणरावांच्या कारखान्यापेक्षा त्यांनी निवडलेली माणसं जास्त शिकवून जातात. पदव्या घेतलेले इंजिनिअर त्या माळावर कोण येणार होते? मग जे होते त्यांच्यातून माणसं घडवली. अनंतराव फळणीकर शिक्षणात नापास झालेले, ते कल्पक इंजिनिअर बनले. शंभोराव जांभेकरांनी यंत्रांच्या कामात मोठी साथ दिली. मंगेशराव रेगे कारकुनी आणि हिशेब सांभाळता सांभाळता कारभार बघू लागले. के. के. कुलकर्णी पडेल ते काम अंगावर घेत. रामूअण्णा वसाहतीची आखणी बघत. इतकंच काय, दरोडेखोर म्हणून ज्यांच्या नावाने लोक घाबरत, अशा माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीची रात्रीची राखण करायला ठेवलं, आणि त्यांनी ती इमानाने केली.

वाडीत शिवाशिव पाळायची नाही, असाही दंडक होता. 1910 च्या काळात हे बोलणं सोपं नव्हतं आणि पाळणं त्याहून अवघड. पण एकाच भट्टीसमोर उभं राहून ओतकाम करायचं तर कुणाचा हात कुणाला लागला हे बघून कसं चालेल? जो हात काम नीट करतो तो हात चांगला, एवढाच हिशेब.

पुढची पिढी

पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1914 ते 1918, लोखंड आणि कोळसा मिळणं कठीण झालं. तरी वाडीची भट्टी विझली नाही. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रं, पाण्याचे पंप अशी शेतीला लागणारी अनेक यंत्रं तिथे तयार झाली. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही रीतसर कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केलं. त्याचंच पुढे किर्लोस्कर मासिक झालं आणि स्त्री, मनोहर ही मासिकं त्याच घरातून निघाली. आपल्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायका ती वाचत मोठ्या झाल्या.

लक्ष्मणरावांनी थोरल्या मुलाला, शंतनुरावांना, 1922 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत यंत्रशास्त्र शिकायला पाठवलं. ज्यांना स्वतःला पदवी घेता आली नाही त्यांनी पदवीचं महत्त्व कमी लेखलं नाही, हे लक्षात घ्या. हात आणि पुस्तक दोन्ही हवं, हे त्यांना नीट कळलं होतं. शंतनुराव 1926 मध्ये शिकून परत आले आणि वाडीत कामाला लागले. पुढे 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि देशी बनावटीची डिझेल इंजिनं शेतकऱ्यांच्या विहिरीपर्यंत पोहोचली. लेखाच्या सुरुवातीला आपण बघितलं ते विहिरीवरचं इंजिन इथून आलं.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. त्यांच्या जन्मशताब्दीला, 20 जून 1969 रोजी, भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

आपल्या वर्गासाठी

आता थोडं आपल्याबद्दल. आपण आकारिक मूल्यमापनात कृती, उपक्रम, प्रकल्प यांचे गुण भरतो. कार्यानुभव आणि कला यांच्या वर्णनात्मक नोंदी लिहितो. वर्षाच्या शेवटी घाई असते, पटावर मुलं भरपूर असतात. मग एकच नोंद दहा मुलांपुढे उतरते : कामात रस घेतो. पण तो कशात रस घेतो? त्याला आकृती जमते का? खोललेली वस्तू तो परत जोडू शकतो का? जोडल्यावर स्वतः तपासतो का? हे एका ओळीत लिहिलं तर पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला त्या मुलाचा धागा हातात मिळेल. लक्ष्मणरावांच्या बाबतीत तो धागा त्यांच्या भावाने पकडला. प्रत्येक मुलाला रामूअण्णा मिळतीलच असं नाही.

पालकांनाही एक विनंती. वाहन दुरुस्तीचं काम करणारे काही पालक मुलाला बजावतात, की शिकला नाहीस तर माझ्यासारखे हात काळे करावे लागतील. त्यामागचे कष्ट आणि काळजी खरी आहे. पण मूल त्यातून दोन गोष्टी शिकतं. बाबांचं काम हलकं, आणि अभ्यास ही शिक्षा टाळण्याची युक्ती. त्यापेक्षा एखाद्या रविवारी त्याला जवळ बसवा आणि खुणा का जुळवायच्या ते समजावून सांगा. गणितातलं गुणोत्तर त्याला फळ्यापेक्षा तिथे लवकर कळेल.

वर्गात घेता येण्यासारखे उपक्रम

1. खटक्याचं बॉलपेन खोला. खोलण्याआधी चित्र काढा, निघालेले भाग क्रमाने कागदावर मांडा, नावं द्या आणि पुन्हा जोडा. स्प्रिंग कुठल्या टोकाला होती, हे चित्रात दाखवलं होतं का ते बघा.

2. शाळेत एखादी सायकल आणा. पायडल एकदा पूर्ण फिरवलं तर मागचं चाक किती वेळा फिरतं ते मोजा. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते मोजा आणि भागाकार करून पडताळा. हे करताना चालत्या साखळीजवळ कुणाचंही बोट जाणार नाही याची काळजी घ्या.

3. एकच वस्तू, उदाहरणार्थ कंपास पेटी, पुढून, वरून आणि बाजूने कशी दिसते त्याची तीन चित्रं काढा. रंग नकोत, फक्त रेषा. व्हीजेटीआयमध्ये लक्ष्मणराव जे शिकवत त्याची ही पहिली पायरी.

4. पालकांची भेट ठेवा. गॅरेज, शिवणकाम, वायरमनचं काम करणाऱ्या पालकांना वर्गात बोलवा आणि काम करताना ते खूण कुठे करतात, माप कसं घेतात आणि शेवटी तपासतात कसं, एवढ्या तीनच गोष्टी सांगायला लावा.

एक सूचना : मोटारीच्या इंजिनाचं काम मुलांनी करायचं नाही, फक्त सुरक्षित अंतरावरून बघायचं. जॅकवर चढवलेल्या गाडीखाली तर कुणालाही जाऊ देऊ नका. इंजिन बंद, थंड आणि बॅटरीची वायर काढलेली असेल तेव्हाच दाखवा.

विचारण्यासाठी प्रश्न

1. लक्ष्मणरावांना चित्रकला का सोडावी लागली? त्यांनी त्याऐवजी काय निवडलं?
2. शेतकऱ्यांनी लोखंडी नांगर सुरुवातीला का घेतला नाही? त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?
3. व्हीजेटीआयची नोकरी त्यांनी का सोडली?
4. किर्लोस्करवाडीची जमीन सुरुवातीला कशी होती?
5. यंत्र खोलण्याआधी चित्र का काढावं? तुमच्या अनुभवातलं उदाहरण द्या.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं जरा लक्ष देऊन वाचा. एरवी दोन ओळींच्या पुढे न जाणारं एखादं मूल कदाचित याच प्रश्नाला पानभर लिहील. त्याचं शुद्धलेखन नंतर बघू. आधी त्याने काय खोललं आणि कसं जोडलं, ते वाचू या.